तेल दिलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा गुंता: जुन्या बेटकास्टर रीलचं एक चिवट दुखणं

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे की दुसरं, ते लगेच कळेल. जुनं गोल बेटकास्टर रील, म्हणजे गळाच्या रॉडवर बसणारी, लाईन गुंडाळायची चरखी. तिच्यातलं फिरणारं रीळ ते स्पूल. रात्री घरी उघडून धुतलं, पुसलं, तेल दिलं आणि सकाळी पाण्यावर गेलात. पहिल्या वीस-पंचवीस फेकी अशा जातात की आपलाच आपल्याला हेवा वाटावा. मग नऊ-साडेनऊला, ऊन चढायला लागलं की, काहीही न बदलता गुंता. आमिष हवेत मंदावलेलं, स्पूल मात्र पिसाटलेलं, आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत अंगठ्याखाली सुगरणीचा खोपा. सोडवा, फेका, पुन्हा खोपा. वैतागून घरी येता, रील उघडता, धुता, तेल देता. दुसऱ्या सकाळी परत वीस फेकी सुखाच्या.

मी या चरकात दोन उन्हाळे फिरलो. येलदरी धरणाच्या फुगवट्यावर, गाळपेरीच्या कडेला उभा राहून मी जेवढी लाईन सोडवली तेवढे मासे धरले असते, तर घरच्यांनी मला नावं ठेवली नसती. थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळी काढून येणारे एक तात्या रोज मला बघायचे. एक दिवस थांबून म्हणाले, “भाऊ, मासे धरायला येता का सूत कातायला?”

रील मामांचं. मस्कतला होते तेव्हा आणलेलं, अबू ॲम्बॅसॅडर ६५०० सी. पायावर, म्हणजे रॉडच्या खाचेत बसणाऱ्या पट्टीच्या खालच्या अंगाला, आकडे ठोकलेले असतात. पहिले दोन बहुधा सालाचे. माझ्यावर ७८ आहे. हँडलचा एक फेरा मारून मोजलं तर स्पूल पावणेपाच फेरे घेतं. आजच्या रीलांच्या मानाने हे सावकाशच, पण मरळ ओढायला उलट बरं. ही रीलं स्वीडनमधल्या स्वेंग्स्टा गावची. ॲम्बॅसॅडर ही मालिका १९५२ मध्ये आली. कंपनी १९२१ ची आणि सुरुवात घड्याळांपासूनची. अबू या नावातच ‘घड्याळाचा कारखाना’ दडलेला आहे. पुढे टॅक्सीचे मीटर केले, दुसऱ्या महायुद्धात मीटरचा धंदा बसला तेव्हा रीलांकडे वळले. ही माहिती मला आधीपासून होती. तिचा उपयोग काय, ते दोन उन्हाळे वाया घालवल्यावर कळलं.

गुंता फेकीच्या कुठल्या टप्प्यावर होतो, ते आधी बघा

सगळे गुंते दिसायला सारखे असले तरी कारणं वेगळी असतात. फेक सुटल्यासुटल्या गुंता झाला तर दोष बहुतेक हाताचा: हिसका दिला, किंवा बाजूची कास्ट कंट्रोलची टोपी, म्हणजे स्पूल कमी-जास्त आवळणारी, फारच ढिली आहे. आमिष पाण्यावर आपटल्यावर गुंता झाला तर अंगठा उशिरा पडला, बाकी काही नाही. यांत रील उघडायची गरजच नसते.

गुंता अधल्यामधल्या टप्प्यावर होत असेल, म्हणजे आमिष वर चढून पुढे जातंय आणि तिथंच स्पूल पुढे पळतंय, तर ब्रेककडे बघा. हवेच्या विरोधाने आमिष मंदावतं, स्पूल मात्र आपल्या वजनाच्या जोरावर फिरत राहतं. जुन्या रीलची स्पूलं आजच्यापेक्षा जड, त्यात आपण काठोकाठ लाईन भरतो, म्हणजे अजून जड. हा जोर मारायला आत सेंट्रिफ्यूगल ब्रेक असतो. स्पूलच्या दांड्यावर आडव्या दोन काड्या, त्यांवर सैल बसवलेले दोन बारके गट्टे. सायकलच्या ब्रेकच्या गट्ट्यांचीच कल्पना, फक्त तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठे. स्पूल जोरात फिरलं की गट्टे बाहेर फेकले जातात आणि बाजूच्या झाकणातल्या गुळगुळीत कडीवर घासतात. ही कडी घासायची जागा आहे, वंगणाची नाही. माझी सगळी चूक या एका वाक्यात मावते.

गट्टे दोन्ही आहेत का, हे आधी मोजा. झाकण काढताना एखादा गट्टा उडून फरशीच्या सांध्यात जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. एकदा माझाही गेला होता. त्या जागी बॉलपेनच्या रिफिलचा तुकडा कापून घातला. चालला, पण दोन बाजूंचं वजन सारखं नव्हतं, त्यामुळे फेकीत स्पूल असं थरथरायचं की रॉडच्या मुठीत मुंग्या यायच्या. गट्टे जोडीनेच बदला.

मी काय काय चुकीचं केलं

सुरुवात अपग्रेडपासून. मूळ बेअरिंग खरखरत होतं, म्हणून नवं मागवलं. माप घ्यायला व्हर्नियर वापरा, अंदाजाने मागवू नका. माझ्या रीलमधून निघालं ते ३×१०×४ मिलिमीटर, दुकानदार ज्याला ६२३ म्हणतात ते. नव्यावर एबेक ७ लिहिलेलं होतं आणि मी हुरळलो. एबेकचा आकडा मापातल्या अचूकपणाचा असतो. तेल कसलं, गोळ्या कसल्या, फेकीत किती मोकळं फिरेल, याबद्दल तो काही सांगत नाही. पण फरक आकड्याने पडला नव्हता. जुन्या बेअरिंगला दोन्ही बाजूंनी पत्र्याची झाकणं होती, नवं उघडं होतं. आत गोळ्या दिसत होत्या. ‘उघडं म्हणजे मोकळं, मोकळं म्हणजे लांब फेक,’ असा माझा हिशोब.

खरंच लांब गेली. आमच्या वावरात हरभरा निघाल्यावर मोकळ्या रानात पंधरा ग्रॅमचा नट बांधून फेकून बघितलं होतं. आधी पस्तीस पावलं, नंतर अठ्ठेचाळीस. मग येलदरीला गेलो आणि गुंते सुरू झाले.

पहिला संशय अंगठ्यावर. मग वाऱ्यावर, धरणावर नऊनंतर वारा सुटतोच. मग लाईनवर: जुनी मोनो (एकेरी नायलॉनची लाईन) काढून नवी ०.३५ मिलिमीटरची भरली, काठापासून तीन मिलिमीटर जागा सोडून. ही गोष्ट तशीही करायलाच हवी होती, त्याने गुंत्याचा आकार लहान झाला. पण गुंता आला तो आलाच. मग कास्ट कंट्रोलची टोपी आवळली. फेक वीस पावलांवर आली आणि टोपीच्या आतली तांब्याची चकती खड्डा पडून बसली. ही टोपी स्पूलच्या दांड्याला टोकावरून दाबते, म्हणजे ती पहिल्या फेकीपासून शेवटच्या फेकीपर्यंत सारखीच आवळते. ब्रेकचं काम तिच्यावर टाकलं की लांबीही जाते आणि चकतीही. तिचं खरं माप एकच: आमिष रॉडच्या टोकाला लटकवून स्पूल मोकळं करणारं बटण दाबायचं, आमिष सावकाश खाली यावं आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबावं. दर आमिषाला हे पुन्हा करायचं, कारण अठरा ग्रॅमचा चमचा (चमच्यासारखं धातूचं आमिष) आणि बारा ग्रॅमचा रबरी बेडूक यांना एक सेटिंग चालत नाही.

आणि दर खेपेला, घरी आल्यावर, तेल. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घ्यायची, नळी बेअरिंगला लावायची आणि दाबायची. आत गेलं पाहिजे ना भरपूर!

घड्याळजी चाचांच्या टेबलावर

परभणीत आमच्या भागात एक घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. मला बेअरिंगची झाकणं काढायची होती, त्यात केसाएवढ्या तारेची चकरी असते, ती माझ्या सुईने निघेना. म्हणून जुनं बेअरिंग आणि अख्खं रील घेऊन गेलो. चाचांनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं आणि बेअरिंगकडे बघायच्या आधीच त्यांनी खिशातल्या रुमालाचं टोक त्या ब्रेकच्या कडीवर फिरवलं. रुमालावर करड्या तेलाचा चंद्रकोरीसारखा डाग उठला.

“हे कशाला तेलात बुचकळलं बेटा?”

मी म्हटलं, कडीला नाही दिलं, बेअरिंगला दिलं.

“बेअरिंग कुठं आहे आणि कडी कुठं आहे?” त्यांनी चिमट्याचं टोक आधी एकावर, मग दुसऱ्यावर टेकवलं. मध्ये करंगळीच्या नखाएवढंही अंतर नव्हतं. मग त्यांनी त्यांची तेलाची काडी दाखवली: लाकडी मूठ, पुढे सुईसारखी तार, टोकाशी जरासं चपटं. ती तेलाच्या वाटीत बुडवून काढली की टोकावर एक टिपका राहतो, मोहरीच्या दाण्याहून बारीक. तेवढाच बेअरिंगच्या गोळ्यांत सोडला. “घड्याळाला एवढं. याला दोन दे. बाटलीनं तेल सायकलला देतात.”

तेव्हा सगळा उलगडा झाला. सकाळी कडी पुसलेली, कोरडी, म्हणून ब्रेक धरायचा. फेकीगणिक स्पूल जोरात फिरतं, उघड्या बेअरिंगमधलं जादा तेल बाहेर उडतं आणि शेजारच्या कडीवर बसतं. वरून एप्रिल-मे महिन्यातलं चाळीसच्या पुढचं ऊन. तेल पातळ होऊन आणखी पसरतं. वीस-पंचवीस फेकींत कडी ओली, गट्टे घसरायला लागले, ब्रेक संपला. मी घरी येऊन सगळं पुसायचो, म्हणजे नकळत रोग बरा करायचो, आणि लगेच बाटली दाबून उद्याच्या दुखण्याची सोय करायचो.

जुन्या बेअरिंगची झाकणं तेल आत धरून ठेवत होती. म्हणून अपग्रेडच्या आधी मी तेवढंच तेल देऊनही निभावत होतं.

आता कसं करतो

झाकण काढतो. पांढऱ्या टिश्यूचा तुकडा काडीला गुंडाळून कडीवर एक फेरा. टिश्यू पांढरा राहिला तर कडीला हात लावत नाही. डाग आला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने कडी पुसायची, गट्टे काढून तेही पुसायचे, काड्याही. मात्र वाळेपर्यंत थांबा. नखांचं पॉलिश काढायचं ॲसिटोन वापरू नका. प्लास्टिक मऊ होतं आणि बाहेरच्या रंगाला लागलं तर मामांना तोंड दाखवायला जागा राहत नाही. इअर बडही नको. त्याचा कापूस बेअरिंगमध्ये अडकतो आणि मग तुम्ही आठवडाभर ‘खरखर कुठून येते’ हे शोधत बसता. हा अनुभवाचा बोल आहे.

बेअरिंग धुवायचं असेल तर छोट्या काचेच्या बरणीत थोडं पेट्रोल, त्यात बेअरिंग, आणि हलवा. घराबाहेर, गॅसपासून लांब. काळं पाणी निघायचं थांबेपर्यंत दोन-तीन वेळा. कोरडं झालं की सुईच्या टोकाने तेलाचे दोन टिपके, बोटाने फिरवायचं, आणि मग महत्त्वाचं: बेअरिंग टिश्यूवर ठेवून रात्रभर सोडायचं. जादा असेल ते टिश्यू पिऊन घेतं. सकाळी बसवायचं.

बसवल्यावर कान लावा. बटण दाबून स्पूलला बोटाने जोरात फिरवलं की कोरड्या ब्रेकचा ‘सुर्रर्र’ असा कापड फाडल्यासारखा हलका आवाज येतो आणि वेग उतरला की तो बंद होतो. नुसतंच गुपचूप फिरत राहिलं तर गट्टे एकतर नाहीत, एकतर तेलकट आहेत किंवा काडीवर चिकटलेत.

मी उघडं बेअरिंग काढून टाकलं. झाकणाचं साधं बेअरिंग परत बसवलं, फेक बेचाळीस-त्रेचाळीस पावलं जाते. सहा पावलांसाठी रोज चाचांकडे जायची माझी तयारी नाही. सिरॅमिक गोळ्यांचं घ्या असं कोणी सांगितलं तर आधी गट्टे आणि कडी तपासा. ब्रेक धरत नसलेल्या रीलला आणखी मोकळं करणं म्हणजे उतारावर ब्रेक नसलेल्या सायकलच्या चाकांना वंगण.

गुंता पडलाच तर

ओढू नका. सगळे ओढतात आणि फास आवळतात. स्टार ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना लाईन किती जोराला सुटावी ते ठरवणारी हँडलपाशची चांदणी, आवळा, अंगठा गुंत्यावर घट्ट दाबा आणि तसंच दाबून हँडलचे दोन-तीन फेरे मारा. मग बटण दाबून लाईन हळू बाहेर काढा. आत अडकलेली वळी चपटी होऊन सुटतात. एका खेपेत नाही निघालं तर पुन्हा तेच. मोनोवर पांढरा चट्टा किंवा मोड पडला असेल तर तिथपर्यंत कापून टाका. मरळ बाभळीच्या बुडालेल्या खोडात घुसली की लाईन नेमकी तिथंच तुटते.

वेणीची लाईन, म्हणजे ब्रेड, घालणार असाल तर खाली मोनोचे काही थर द्या. नाहीतर ब्रेड गुळगुळीत स्पूलवर अख्खीच गोल फिरते आणि तुम्हाला वाटतं ड्रॅग गेला.

मग अपग्रेड काय करावं

ड्रॅगच्या चकत्या बदला. माझ्या रीलमधल्या जुन्या चकत्या दाबून दगड झाल्या होत्या. मासा ओढताना लाईन झटक्या-झटक्याने सुटायची. कार्बन फायबरच्या बसवल्या, ड्रॅगच्या ग्रीसचा पातळ हात दिला, आता एकसारखी सुटते. या एका बदलाचा पैसा वसूल झाला. चकत्या काढताना वरून खाली कोणती कशानंतर आली त्याचा मोबाईलवर फोटो काढा, आठवणीवर विसंबू नका.

लांब हँडल आणि मोठ्या मुठी: चांगल्या, विशेषतः शिंगाडा मासा लागला तर. रंगीत ॲनोडाइज केलेल्या टोप्या आणि चांदण्या: हौस आहे, करा, मासा त्याकडे बघत नाही.

चुंबकाचा ब्रेक हा खरा विचार करण्यासारखा बदल. स्पूल ॲल्युमिनियमचं असतं, चुंबक त्याला चिकटत नाही. पण ते चुंबकाजवळून फिरलं की त्यात विजेचे भोवरे तयार होतात आणि ते स्पूलला मागे खेचतात. यात घासणं नाही, म्हणून तेलाचं भय नाही. फरक असा: सेंट्रिफ्यूगल ब्रेकचा जोर वेग दुप्पट झाला की चौपट होतो, चुंबकाचा दुप्पटच. म्हणजे गट्टे सुरुवातीच्या जोरात काम करतात आणि मंदावल्यावर सोडून देतात. चुंबक मधल्या आणि शेवटच्या टप्प्यातही थोडं धरून ठेवतं. समोरून वारा असेल तर तिथंच त्याचा फायदा. घरगुती पद्धतीत बाजूच्या झाकणाच्या आत छोट्या चकतीची चुंबकं चिकटवतात. स्पूल आणि चुंबक यांत दोन-तीन पोस्टकार्डांएवढी फट राहिली पाहिजे आणि जवळ पोलादी भाग नको, नाहीतर चुंबक त्यालाच ओढतं. मी आधी दुहेरी टेपवर लावून बघितलं. फेविक्विकची घाई केली नाही, आणि करू नये.

लेव्हलवाइंडबद्दल एवढंच: लाईन डावी-उजवीकडे नेणारा तो आटे पाडलेला दांडा आपल्याकडे सगळ्यात आधी मरतो, कारण काळ्या मातीची धूळ तेलात मिसळली की घासण्याची पेस्टच होते. या जुन्या रीलांत फेकीच्या वेळीही तो स्पूलबरोबर फिरतो, म्हणून तो जड झाला की फेक आखूड होते. रील गाळात ठेवू नका. जुन्या टूथब्रशने दांडा साफ करा, तेलाचा एक थेंब, बस. आत एक बारकी पट्टी असते, आट्यांत चालणारी, तिचं टोक झिजून बोथट झालं की लाईनवाहक एका टोकाला जाऊन अडकतो.

माझा सध्या तिथंच अडकतोय. दर चार-पाच फेकींनंतर डावीकडे जाऊन थांबतो, मी बोटाने टोचतो, मग निघतो. पट्टी मागवली आहे. तोवर रोज बघणाऱ्या तात्यांना नवा विषय मिळाला आहे: “भाऊ, सूत कातणं बंद झालं, पण चरख्याला धक्का द्यावाच लागतो का?”